करुणा, दहा ट्रान्झिस्टर

औरंगपुरा, छत्रपती संभाजीनगर
१६ जानेवारी २०२५

शिवा,

वर ‘चिरंजीव’ लिहून खोडलंय, ते तुला दिसेलच. दुसरा कागद घेता आला असता, पण मुद्दाम घेतला नाही. सोबत तिळगूळ आहे. गोड बोलायची सक्ती या वर्षी मी माझ्यावर करून घेतलेली नाही.

फोन तू उचलत नाहीस. व्हॉट्सअॅपवर तो व्हिडिओ तेवढा पाठवलास आणि लगेच मला ब्लॉक केलंस. बोलून झालं की दार आपटून निघून जायची तुझी खोड लहानपणापासूनची आहे. म्हणून हे पत्र. तुझ्या पुण्याच्या दुकानात पोस्टमन येईल आणि चार गिऱ्हाइकांसमोर ते तुझ्या हातात देईल, तेव्हा त्यालाही ब्लॉक करून दाखव.

व्हिडिओ मी पुन्हा पुन्हा पाहिला. आधी मला फक्त आईचा रेडिओ दिसला. घर सोडताना तू बाकी काही नेलं नाहीस, स्वयंपाकघरातल्या फळीवरचा तोच तेवढा उचललास. आप्पांनी बनवलेला पहिला ‘करुणा’. व्हिडिओत तू त्याचं मागचं झाकण उघडतोस आणि म्हणतोस, “डायलवर काय लिहिलंय? करुणा, दहा ट्रान्झिस्टर. आता आपण मोजू.” मग पेन्सिलीच्या टोकानं दाखवतोस. सहा काम करणारे. बाकीचे चार एका ओळीत नुसते बसवलेले, त्यांच्या पायांची जोडणी कुठंच गेलेली नाही. “कारखान्यातून फेकलेले मेलेले ट्रान्झिस्टर त्या काळी आकडा फुगवायला असेच लावायचे,” म्हणतोस. सेट मुका आहे, आवाज काढणाऱ्या जोडीतला एक जळालाय आणि तो आता बाजारात मिळत नाही, हेही सांगतोस. आणि शेवटी, “वर माझ्या आईचं नाव, खाली खोटा आकडा. आणि हे करणाऱ्या माणसानं मला भर दुकानात चोर ठरवलं.”

हा व्हिडिओ तू तेरा फेब्रुवारीला, रेडिओ दिनाला, सगळ्यांसाठी टाकणार आहेस, असं खाली लिहिलंयस. त्याच दिवशी इथलं हौशी रेडिओ मंडळ आप्पांचा सत्कार करणार आहे, हे तुला कुणी सांगितलं ते मला कळायला हवं. कुणीही असो, त्याची बायको माझी मैत्रीण असणार, तिच्याकडून काढून घेईन.

तुझ्या मनात काय आहे ते मला कळतं. तू जुन्या खोक्यात नवा ब्लूटूथवाला बोर्ड बसवलास आणि ‘साठ वर्षांपूर्वीचा, आतून बाहेरून अस्सल’ म्हणून विकलास. गिऱ्हाईक तो घेऊन आपल्याच दुकानात आलं. आप्पांनी झाकण उघडून बघितलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “हा माल माझ्या दुकानातला नाय. आन हा मानूसबी नाय.” ते वाक्य मला आजही कानात खुपतं. तुला किती खुपत असेल.

पण म्हणून तू त्यांच्यावर असा चिखल उडवशील? त्या काळी ट्रान्झिस्टरच्या आकड्याला तोच मान होता, जो आज मोबाइलच्या कॅमेऱ्याच्या आकड्याला आहे. जेवढा मोठा आकडा तेवढा चांगला माल, असं लोकांच्या डोक्यात बसलेलं. लबाडी करणारे पुष्कळ होते. पण अप्पाराव त्यांत नव्हते. मी त्यांच्या टेबलाखाली रांगले, त्यांच्याच टेबलावर धंदा शिकले आणि आज तेच टेबल चालवते आहे. माझा बाप आईच्या नावाखाली खोटं लिहिणार नाही. तुझा सेट कुणीतरी मध्येच उघडून बिघडवलेला असणार. व्हिडिओ टाकू नकोस.

ताई


२४ जानेवारी

शिवा,

उत्तर नाही. ठीक आहे.

घाई आहे म्हणून थोडक्यात लिहिते. मंडळाच्या लोकांनी जिल्ह्यातले ‘करुणा’ सेट गोळा करून प्रदर्शन मांडायचं ठरवलंय. लोक आपणहून आणून देताहेत. बिडकीनहून एक आला, त्याच्या खोक्याला शेणाचा वास येतो, गोठ्यात लावायचे म्हणे म्हशीसाठी. एकाने कातडी पिशवीसकट दिला, पिशवीवर बायकोनं भरतकाम केलेलं. दुकानात पाय ठेवायला जागा नाही. आप्पा एकेका सेटवर हात फिरवतात, खालचा नंबर चष्मा सरकवून वाचतात आणि मला म्हणतात, “ह्याची कॉइल म्या स्वतः गुंडाळली व्हती.” सगळ्याच सेटबद्दल तसंच म्हणतात. तेव्हा हाताखाली दुसरं कुणी नव्हतंच म्हणा!

तुझ्या त्या मोजणीबद्दल मला आत्ता काही लिहायचं नाही. आपल्या शोकेसमधला सेट मी उघडलेला नाही. त्याचे स्क्रू गंजलेत.

एक विचारायचं होतं. त्या चार ट्रान्झिस्टरांचं सोल्डरिंग कसं आहे? म्हणजे घाईघाईत चिकटवलेलं आहे, की नीट आहे? सहज विचारते आहे.

आप्पा काल जेवताना म्हणाले, “पुण्याला कळवलं का?” पुणं म्हणजे तू. नाव अजून घेत नाहीत. मी म्हटलं, कळवलंय, पुण्याला वेळ नाही. तर म्हणाले, “वेळ नसंल, पन टपाल तर येतंय ना तिथं.” मग ताकाचा ग्लास पालथा घालून उठले.

ताई


४ फेब्रुवारी

शिवा,

आज लांबलचक लिहिणार आहे. दुकान बंद केलंय, भरदुपारी. औरंगपुऱ्यात शेजारचे दोन जण विचारून गेले, घरी सगळं ठीक आहे ना. आपल्या दुकानाचं शटर दुपारी खाली आलं तर माणसं काळजी करतात, हे लिहिताना मला बरं वाटतंय.

स्क्रू गंजलेले नव्हते. मागचं पत्र लिहिण्याआधीच मी शोकेसमधला सेट उघडला होता. सहा कामाचे, चार नुसते बसलेले. बिडकीनचा उघडला, तसाच. भरतकामवाला उघडला, तसाच. तू म्हणालास ते खरं निघालं आणि तुला ते लिहायला माझा हात धजला नाही. एवढ्या सेटांच्या मध्ये मी बसले होते, सगळ्यांच्या कपाळावर आईचं नाव. शिवा, मला इतकी लाज वाटली की मी सगळ्यांवर चादर टाकली.

आज सकाळी अमिनाखाला आल्या. दौलताबादच्या. तुला आठवतील, सीताफळांची पाटी घेऊन यायच्या, तुझ्या गालाला चिमटा काढायच्या. आता काठी आलीय, पण आवाज तोच. नातू रिझवान रिक्षातून घेऊन आला. मांडीवर टॉवेलात गुंडाळलेला सेट होता. आप्पा घरी न्याहारीला गेले होते. मला म्हणाल्या, “तनुजा, हे अप्पाभाईंना दे. परदर्शनात ठेव. पन परत पायजे हां, देऊन नाय टाकत मी.”

मी झाकण उघडलं. आता ती मला सवयच लागली होती. बघते तर ओळीत चारच्या जागी तीन. एक जागा रिकामी, आणि सोल्डर इतकं स्वच्छ काढलेलं की तिन्ही पायांची भोकं दिसावीत. मी विचारलं, खाला, हा कुणी काढला?

“तुझ्या बापानंच तर काढला,” त्या म्हणाल्या. “डब्बा बंद पडला व्हता. हे बोलले, शहरात जावं लागंल, पार्ट मिळंल नाय मिळंल. मी म्हनलं नक्को, बाजाराच्या दिवशी अप्पाभाई येतेत. आले. चहावाल्याच्या स्टोवपे ते लोखंडाचं तापवलं, इथून उचललं, तिथं लावलं. चहा उकळायच्या आत डब्बा बोलायला लागला. हे इतके खूश झाले, बोलले, यानं तर आमच्याच घरात आमचा पार्ट लपवून ठेवला व्हता!”

मी मीटर काढलं. उरलेले तीन एकेक करून तपासले. शिवा, तिन्ही जिवंत. मग चादर ओढून टाकली आणि बिडकीनचा घेतला. चारही जिवंत. भरतकामवाल्यातला एक वयानं गेलेला, बाकी ठणठणीत. आणि दोन सेटांत मला तशाच रिकाम्या जागा सापडल्या, ज्या मी आधी बघूनही बघितल्या नव्हत्या. तू ते चार मीटरला लावून पाहिलेस का? नसशील. मीही पाहिले नव्हते. ते मेलेलेच असणार, हे आपल्याला दोघांनाही पक्कं ठाऊक होतं ना! या धंद्यात वाढलेलं दुसरं कुणीही असंच चुकलं असतं.

आप्पा आले तेव्हा मी आणि खाला दोघी वाट बघत बसलो होतो. मी सेट उघडाच ठेवला होता. त्यांनी बघितलं आणि कानातलं मशीन नीट बसवलं.

“मोजलं व्हय?” म्हणाले.

“मोजलं. शिवानंही मोजलं.” मी त्यांना सगळं सांगितलं, व्हिडिओसकट.

ते चिडतील असं मला वाटलं होतं. ते हसले. “सापडलं का त्याला! अजून कुनाला सापडलं नव्हतं.” शिवा, त्या हसण्यात तुझं कौतुक होतं, हे मी शपथेवर सांगते.

मग जे सांगितलं ते असं. सुरुवातीला, आईचं नाव लावण्याआधी, त्यांनी डायलवर सहा लिहिलं होतं. माल कुणी हातात धरेना. मुंबईहून येणाऱ्या डब्यांवर आठ, दहा, बारा असायचं आणि लोक म्हणायचे, तुमचा गरिबाचा रेडिओ दिसतोय. एका व्यापाऱ्यानं त्यांना मेलेल्या ट्रान्झिस्टरांची पिशवी आणून दिली. वजनावर मिळायची तशी, खास याच कामासाठी. आप्पा ती घेऊन घरी आले आणि स्वयंपाकघरात बसून पहिल्या सेटमध्ये चार लावले. आई भाकरी थापत होती. तिनं विचारलं, हे काय करतात? आप्पा म्हणाले, काहीच करत नाहीत, नुसते बसतात.

“तर तुझी आई म्हणली,” आप्पा सांगत होते, “मेलेलं बसवून वरून माझं नाव लावता व्हय? दहा ल्ह्यायचंच असंल तर चांगले बसवा. माझ्या माहेरी सेट बंद पडला तर बाप माझा एका पार्टासाठी एसटीचे धक्के खात इथवर येतो. त्याला त्याच्या डब्यातच सापडू द्या. नायतर माझं नाव काढा.”

पिशवी तिनं स्वतः नेऊन मागच्या नाल्यात उलटी केली. त्या पहिल्या सेटमधले चारही काढून तिच्यासमोरच चांगले बसवले, आणि पुढे प्रत्येक सेटमध्ये चार चांगले. जे हमखास जळतात तेच निवडून, आवाजाच्या जोडीचे दोन त्यात नेहमी. नफा त्यातच जायचा. म्हणून आपण कधी श्रीमंत झालो नाही, हे मला आज कळलं, आणि मला त्याचा इतका अभिमान वाटतोय की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं. सांगायला तूच आहेस.

आकडा खोटाच होता. ते मी आता नाकारत नाही. पण तो आकडा पोकळ नव्हता. तुला व्हिडिओ टाकायचा असेल तर टाक. मी विनवणी करणार नाही. फक्त टाकण्याआधी मीटर लाव.

ताई


१४ फेब्रुवारी

शिवा,

काल तू व्हिडिओ टाकला नाहीस. मी दिवसभर मोबाइल उघडून बघत होते, त्यामुळे सत्काराच्या फोटोंत माझी मान सगळीकडे खाली आहे.

सभागृह भरलं होतं. बिडकीनची, दौलताबादची माणसं, कॉलेजची पोरं, तुझ्यासारखे जुने रेडिओ विकणारेही बरेच. मंडळाच्या अध्यक्षांनी मानपत्र वाचायला घेतलं. “मराठवाड्यात दहा ट्रान्झिस्टरचा रेडिओ बनवणारे...”

“सहा,” आप्पा म्हणाले.

अध्यक्षांना वाटलं, म्हाताऱ्याला नीट ऐकू आलं नाही. त्यांनी मोठ्यानं पुन्हा वाचलं. आप्पांनीही मोठ्यानं पुन्हा सांगितलं, “सहा!” आणि सदऱ्याच्या खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला. शिवा, ते सत्काराला स्क्रूड्रायव्हर घेऊन आले होते. मला माहीत नव्हतं. घरातून निघताना मी त्यांची टोपी नीट केली, उपरणं नीट केलं, खिसा तेवढा बघितला नाही.

समोरच्या टेबलावरचा सेट त्यांनी उघडला आणि माइक जवळ ओढला. “दहा ही जाहिरात व्हती. ती खोटी व्हती, आन ती म्या लिहिली. माझ्या पोरानं ती पकडली. पुण्याला असतो. इतक्या वर्षांत त्यानंच पकडली.” मग आईचं सगळं सांगितलं. नाल्यात उलटी केलेली पिशवीसुद्धा. खाला पुढच्या रांगेत बसल्या होत्या, त्या मध्येच उठून म्हणाल्या, “हौ, माझ्या डब्ब्यातला यांनीच बदलला,” आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. कशाला वाजवल्या हे निम्म्यांना कळलं नसेल.

एका विकणाऱ्यानं बोट वर केलं. “मग काका, सहा आणि चार जादा, असं सरळ का नाही लिहिलं?”

“तसं लिहून बघितलं व्हतं,” आप्पा म्हणाले. “गिऱ्हाईक म्हनलं, ह्याचा माल लई बिघडत आसंल, म्हनून आधीच जादा देतोय.” सभागृह हसलं. आप्पा हसले नाहीत. म्हणाले, “पोरानं नवा बोर्ड घातला आन जुना म्हनून विकला. ते चुकलंच. त्याचं आन माझं एक नाय. पन त्याची चूक सहाची व्हती आन म्या दहाच्या आवाजात बोललो. दुकानातून काढायचा हक्क व्हता मला. घरातून काढायचा नव्हता.”

हे मी शब्दाला शब्द लिहिलंय. तुझ्या एखाद्या धंदेवाल्या मित्रानं त्याचं चित्रीकरण केलं असेलच, पडताळून घे.

रात्रीची भाकरी झाल्यावर त्यांनी मला तुझा व्हिडिओ लावायला सांगितला. आईचा सेट दिसल्याबरोबर मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि डोळ्यांजवळ धरला. तू म्हणतोस ना, जोडीतला एक जळालाय आणि बाजारात मिळत नाही, तिथं त्यांनी मला थांबवायला लावलं.

“येडा हाय का हा?” म्हणाले. “त्याला म्हनावं, बाजारात कशाला हुडकतो? शेजारीच बसवलाय त्यो. तुझ्या आईच्या डोळ्यासमोर बसवलाय. काढ आन लाव.”

मग मोबाइल परत देताना बराच वेळ त्या दगडी पाट्याकडे बघत राहिले, जिथं ती बसायची. “म्याच बदलायला पायजे व्हता,” म्हणाले. “पन ती गेल्यावर कुनासाठी चालू करायचा?” म्हणून तो मुका राहिला होता, शिवा. वयानं गेला असं आपल्याला वाटायचं.

ताई


२३ फेब्रुवारी

चिरंजीव शिवराज,

खोडलेलं नाही, बघून घे.

आज सकाळी दुकान उघडलं तेवढ्यात तुझा फोन आला. ब्लॉक काढलास, आभारी आहे. मी हॅलो म्हटलं. नुसती खरखर ऐकू आली, मग मध्येच कुणीतरी कांद्याचे भाव सांगायला लागलं, आणि मला कळलं की तू मोबाइल आईच्या रेडिओसमोर धरला आहेस. मी ओरडलेच, “आप्पा, करुणा!” समोरच्या कापड दुकानातले लोक बाहेर आले. आई वारून इतकी वर्षं झाली, त्यांना वाटलं असेल मला काही झालं.

आप्पांनी मोबाइल मशीनवाल्या कानाला लावला. डोळे मिटले. पुण्याचे बाजारभाव मी कुणाला असे ऐकताना पाहिलेलं नाही. टोमॅटो झाले, लसूण झाला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, कारण हात मोबाइलला होता.

मग डोळे न उघडताच म्हणाले, “आवाज फाटतोय.”

मी म्हटलं, आप्पा, आज तरी!

“फाटतोय ना पन! एकच बदललाय ह्यानं. ती जोडी असती. एक जुना आन एक ताजा कसा वाजंल नीट? तिथं दोन ठिवलेत ते उगाच नाय. दुसराबी बदल म्हनावं.” आणि मग, मला नव्हे, थेट मोबाइलमध्ये, सगळ्या औरंगपुऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात, “शिवा, ऐकतूस का? तू नको लावू. तुझं सोल्डर गोळ्या गोळ्याचं असतंय. इकडं घिऊन ये. म्या लावतो.”

तू ‘हो’ म्हणालास. एवढंच, पण मी ऐकलं. इतक्या वर्षांनी तुझं नाव त्यांच्या तोंडून आणि तुझा शब्द तुझ्या तोंडून, एकाच सकाळी.

मग फोन झाला असताना पत्र कशाला, असं म्हणशील. एवढ्यासाठी, की आप्पांनी आजपासूनच टेबल झाडून ठेवलंय आणि माझ्या मिक्सरच्या दुरुस्त्या जमिनीवर आणल्यात. तेव्हा लवकर ये, माझी कंबर दुखते. गाडीनं येशील तर आईचा सेट डिकीत टाकू नकोस. शेजारच्या सीटवर ठेव, आणि वाटेतल्या घाटात आवाज गेला तर घाबरू नकोस, तिथं तो पहिल्यापासूनच जातो.

तुझी,
तनुजाताई